तीट लावलेला डॉल्फिन

आमच्या भाचीला तिची आजी रोज आंघोळ झाली की गालावर काजळाची तीट लावते. वर्षाची असताना कपाटाच्या आरशातलं ‘बाळ’ दिसलं की ती हसायची, काचेवर थापट्या मारायची. एकदा हातातलं बिस्किट त्या बाळाला भरवायला गेली आणि काच चिकट करून ठेवली. पुढे पावणेदोन वर्षांची झाल्यावर एका सकाळी ती त्याच आरशासमोर थबकली. नजर काचेवर आणि हात स्वतःच्या गालावर. तीट फिसकटली, बोट काळं झालं, ते फ्रॉकला पुसलं गेलं. आजीने नवी तीट लावली आणि तिच्यापुरता विषय संपला.

हात काचेतल्या गालाकडे न जाता आपल्या गालाकडे गेला, एवढ्याशा फरकावर प्राण्यांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्यांनी पन्नासहून जास्त वर्षं घालवली आहेत. समोर दिसतंय ते मीच, हे त्या जिवाला कळलंय, आणि त्याला ते कळलंय हे आपल्याला त्याच्याशी एक शब्दही न बोलता समजलंय. मुक्या प्राण्याला प्रश्न विचारायची याहून स्वस्त युक्ती मला तरी माहीत नाही. हीच युक्ती डॉल्फिनवर कशी वापरली ते सांगायचंय. अडचण अशी, की डॉल्फिनला हातच नाहीत.

आधी मूळ प्रयोग. तो गॉर्डन गॅलप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा. कल्पना त्यांना विद्यार्थीदशेत आरशासमोर दाढी करताना सुचली, असं ते सांगतात. बहुतेक प्राणी आरशापुढे काय करतात ते आपण रोज बघतो. दयाळ पक्षी उभ्या गाडीच्या आरशावर चोची मारून मारून दमतो. मांजर आरशामागे जाऊन कोण लपलंय ते बघून येतं. ससा सिंहाला विहिरीपाशी नेतो ती गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. तो सिंह या परीक्षेत नापास झाला, तेही जिवानिशी. गॅलप यांनी वयात न आलेल्या चार चिंपांझींना दहा दिवस आरसा दिला. सुरुवातीला तेही समोरच्या परक्यावर गुरकावले. दोन-तीन दिवसांत मात्र नूर बदलला. दातांत अडकलेलं काढ, नाकात बोट घाल, एरवी न दिसणारे अवयव निरखून बघ, आरशाकडे बघत तोंडाने फुगे काढ. लिफ्टमध्ये एकटा असलेला माणूस आरशासमोर जे जे करतो ते सगळं.

आता, ‘ते स्वतःलाच बघत असावेत असं वाटतं’ एवढ्यावर भागत नाही. म्हणून गॅलप यांनी त्यांना भूल दिली आणि एका भुवईच्या उंचवट्यावर आणि विरुद्ध बाजूच्या कानाच्या टोकावर लाल रंग लावला. रंगाला वास नाही, वाळल्यावर कातडीला जाणवत नाही. शुद्धीवर आल्यावर आधी आरसा नसताना त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. खुणेकडे हात जवळजवळ गेलाच नाही. आरसा आणल्यावर हात थेट भुवईवर, मग बोट नाकाशी नेऊन वास घेणं. १९७० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे छापून आलं. माकडं त्याच परीक्षेत नापास झाली. १९७२ साली ब्यूला अ‍ॅम्स्टरडॅम यांनी लहान मुलांच्या नाकाला लाली लावून तोच प्रयोग केला, तेव्हा दीड ते दोन वर्षांच्या सुमाराला मुलांचा हात आपल्या नाकाकडे जायला लागतो असं दिसलं. आजीची तीट दृष्ट लागू नये म्हणून असते, एवढाच काय तो फरक.

या प्रयोगातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे भूल, आणि लोक नेमका तोच विसरतात. आपल्याला रंग लावलाय हे प्राण्याला आरशाशिवाय कुठूनही कळता कामा नये. रंग लावताना स्पर्श जाणवला तर तो नंतर त्या जागी हात लावणारच, आणि मग ते आरशामुळे झालं की खाजेमुळे, हे कुणी सांगायचं?

डॉल्फिनच्या बाबतीत इथेच गाडी अडते. आपला श्वास झोपेतही आपसूक चालतो. डॉल्फिनचा तसा नाही. पाण्यावर येऊन घेतलेला प्रत्येक श्वास तो ठरवून घेतो. म्हणून तर तो झोपतानाही मेंदूची एक बाजू जागी ठेवतो. १९५५ साली फ्लोरिडात जॉन लिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या अभ्यासासाठी डॉल्फिनना भूल दिली. श्वास थांबला आणि पाचच्या पाच डॉल्फिन मेले. यंत्राने श्वास देत भूल देणं पुढे जमलं, पण गालावर ठिपका काढायला एवढा घाट कोण घालेल? तेव्हा खूण काढायची ती जागेपणी, त्याला कळत असताना. त्यात डॉल्फिनची कातडी भलतीच संवेदनशील. आणि खूण दिसलीच तरी तिला लावायला हात नाही, बोट नाही.

मग तो करू काय शकतो? शिंप्याकडे नवा सदरा घालून बघताना आपण काय करतो ते आठवा. पाठीवर हात फिरवत नाही. पाठ आरशाकडे करतो आणि मान वळवून बघतो. शरीराचा जो भाग बघायचा तो आरशापुढे आणायचा, एवढं डॉल्फिनला जमतं, आणि पाण्यात तो हे आपल्याहून झोकात करतो. म्हणून ‘खुणेला हात लावला का’ याऐवजी ‘खूण असलेली बाजू आरशापुढे आणली का, किती लवकर, किती वेळ’ हे मोजायचं ठरलं. ऐकायला सोपं आहे, पण डॉल्फिन काय, एरवीही गोल गोल फिरत असतो. एखादा योगायोगाने वळला आणि आपल्याला वाटलं की बघतोय, असं सहज होऊ शकतं.

आधीच्या प्रयत्नांत हाच घोळ झाला. कॅलिफोर्नियातल्या एका सागरी उद्यानात पॅन आणि डेल्फी नावाच्या दोन तरुण नरांच्या तलावात आरसा लावला होता. त्यांची आपापसातली लैंगिक मस्ती आरशासमोर चालायची आणि प्रतिबिंब दिसेनासं झालं की दोघं पुन्हा आरशासमोर यायचे. (शोधनिबंधात असली वाक्यं फार गंभीर चेहऱ्याने लिहिलेली असतात.) हवाईमध्ये केन मार्टन आणि सूची साराकोस यांनी १९९५ च्या सुमाराला आणखी एक शक्कल लढवली. डॉल्फिनला टीव्हीवर एकदा त्याचंच थेट चित्र दाखवायचं, एकदा त्याचंच जुनं चित्रण. समोरचा त्याला दुसरा डॉल्फिन वाटत असेल तर दोन्ही वेळा वागणं सारखं हवं. वागण्यात फरक दिसला, पण तेवढ्याने सगळ्यांचं समाधान झालं नाही.

ज्या प्रयोगाने या विषयाला खरी कलाटणी मिळाली तो डायना राइस आणि लोरी मरिनो या दोन संशोधिकांचा. जागा न्यूयॉर्क अ‍ॅक्वेरियम, म्हणजे ब्रुकलिनचा कोनी आयलंड भाग. बंदिवासातच जन्मलेले बॉटलनोज जातीचे दोन नर, प्रेस्ली आणि टॅब, वयं १३ आणि १७. माणसाने अंगाला हात लावण्याची, पेन टेकवण्याची त्यांना सवय होती. खाण्याच्या वेळी प्रशिक्षक काठाशी बसायचा आणि मार्करने अंगावर काळी खूण काढायचा. रंग बिनविषारी, काही वेळाने निघून जाणारा. खुणा शरीराच्या वेगवेगळ्या जागी, पण आरशाशिवाय दिसणार नाहीत अशा.

काही वेळा मात्र प्रशिक्षक सगळं अगदी तसंच करायचा, तीच जागा, तोच दाब, तेवढाच वेळ, फक्त मार्करमध्ये शाईऐवजी पाणी असायचं. म्हणजे खोटी तीट. आणि काही वेळा काहीच नाही, नुसतं खाणं देऊन सोडून द्यायचं.

या खोट्या तिटेवर मी फिदा आहे. भूल देता येत नाही, म्हणजे स्पर्श लपवता येत नाही. ठीक आहे, मग स्पर्श दोन्ही वेळा सारखा ठेवा आणि फक्त रंग काढून घ्या. आता दोन दिवसांच्या वागण्यात जो फरक पडेल तो स्पर्शामुळे नसणार, कारण स्पर्श दोन्हीकडे आहे. तो फक्त डोळ्यांनी दिसणाऱ्या रंगामुळे असू शकतो, आणि तो रंग दिसण्याची एकच जागा आहे: आरसा. घरी भाजीत काय बिघडलं ते शोधताना आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो ना, आज फक्त मसाला बदलून बघू, उद्या फक्त तेल, तसंच. जे भुलीने साधत होतं ते इथे निव्वळ तुलनेने साधलं.

काय दिसलं? एक म्हणजे आरशातल्या प्रतिमेशी दोघं दुसऱ्या डॉल्फिनशी वागावं तसे वागले नाहीत. दुसरं, खूण काढल्यावर ते आरशाकडे जायचे आणि अंगाची नेमकी तीच बाजू काचेपुढे आणून, वळून, पालथं होऊन बघत राहायचे; खरी खूण असली की हे जास्त वेळ चालायचं. आणि एक प्रसंग तर कुणालाही पटावा असा. एकदा खूण अंगावर न काढता जिभेवर काढली, पहिल्यांदाच. तो डॉल्फिन सुटल्याबरोबर सरळ आरशापाशी गेला आणि तोंड उघड, मीट, उघड, मीट असं करायला लागला. आरशासमोर त्याने हे आधी कधीच केलं नव्हतं. दाढ दुखत असली की आपणही बेसिनच्या आरशात असाच आ वासून उभे असतो.

आणखी एक गंमत नोंदवलेली आहे. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या अंगावरच्या खुणेत रस दाखवला नाही. चिंपांझी सोबत्याच्या अंगावरचा रंग लगेच हाताने चाचपतात, कारण एकमेकांच्या उवा-घाण काढणं हा त्यांच्या रोजच्या व्यवहाराचा भाग असतो. डॉल्फिनमध्ये ती रीतच नाही. मला हे उलट पुराव्याला बळ देणारं वाटतं. नवीन काळा ठिपका दिसला म्हणून कुतूहल वाटलं असतं तर ते सोबत्याच्या ठिपक्याचंही वाटायला हवं होतं.

२००१ साली ‘पीएनएएस’ या अमेरिकी विज्ञान नियतकालिकात निबंध आला आणि गाजला. गाजण्याचं कारण डॉल्फिन हुशार निघाला हे नव्हतं, ते लोकांना आधीच वाटत होतं. तोवर ही जाण माणूस आणि चिंपांझीसारखे मोठे वानर यांच्यापुरतीच पक्की मानली जात होती, म्हणजे एकाच घराण्याची ठेव. डॉल्फिनचे आणि आपले पूर्वज वेगळे होऊन कमीत कमी साडेसहा कोटी वर्षं झाली. मेंदूची ठेवणही निराळी. तरी एकच गुण दोन्हीकडे निघतो, म्हणजे तो वारशाने आलेला नाही, दोन वाटांनी स्वतंत्रपणे घडलेला आहे. वटवाघूळ आणि पक्षी दोघांनाही पंख असतात, पण ते एकमेकांकडून आलेले नसतात, तसं. पुढे २००६ साली न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात हॅपी नावाच्या हत्तिणीने कपाळावरची पांढरी फुली आरशात बघून सोंडेने पुन्हा पुन्हा चाचपली. तिच्याबरोबरच्या दोघींनी तसं केलं नाही. २००८ साली जर्मनीत मॅग्पाय हे कावळ्याच्या कुळातले पक्षी पास झाले. २०१९ साली जपानी शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की क्लीनर रास नावाचा बोटाएवढा मासाही आरशात गळ्यावरची तपकिरी खूण बघून गळा वाळूवर घासतो. त्यावर मात्र मोठा गदारोळ झाला. डॉल्फिनपर्यंत कौतुक करणारे बरेच जण माशापाशी येऊन अडखळले, हे मला जरा विनोदी वाटतं.

सगळ्यांना पटलं का? नाही. सगळ्यात ठाम शंका खुद्द गॅलप यांचीच. लोरी मरिनो त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. झालेल्या, म्हणजे गुरूला शिष्येचा निकाल मान्य नाही. गॅलप यांचं म्हणणं, हाताने खुणेला स्पर्श केला की शंकेला जागा उरत नाही. वळून बघण्याचा अर्थ बघणाऱ्याने लावायचा असतो. शिवाय डॉल्फिन दोनच. आक्षेप वजनदार आहे. पण हात नसलेल्याला हाताचा पुरावा मागणं हेही थोडं पाय बांधून ‘नाचता येत नाही’ म्हणण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावणारा वाटतो. १९८१ साली एपस्टाइन, लान्झा आणि स्किनर या संशोधकांनी कबुतरांना पायरी पायरीने शिकवून शेवटी आरशातच दिसणारा अंगावरचा निळा ठिपका टोचायला लावला. कबुतराला ‘मी’ कळतो का? त्याचं उत्तर काहीही असो, ‘आरशात दिसतं ते माझ्या अंगावर शोधायचं’ हे कळणं आणि ‘मी म्हणून कुणीतरी आहे’ हे कळणं, यांत अंतर आहे. आरशाची परीक्षा यातलं पहिलं नक्की दाखवते. दुसऱ्याबद्दल वाद चालू आहे. डॉल्फिनला असं कुणी शिकवलं नव्हतं, एवढी त्याची बाजू भक्कम.

नापास होण्याचा अर्थ तर याहून निसरडा. केनियातल्या लहान मुलांवर ही परीक्षा घेतली तेव्हा त्यांतली बहुतेक सगळी नुसती थिजून उभी राहिली, कपाळावरच्या खुणेला हात लावलाच नाही. अगदी सहा वर्षांपर्यंतची मुलं होती त्यांत, त्यांना स्वतःची ओळख नव्हती असं कोण म्हणेल? परक्या मोठ्या माणसाने काही लावलंय, तर ते पुसायचं की नाही असा प्रश्न त्यांना पडला असेल. गोरिलांमध्ये समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघणं म्हणजे भांडण उकरून काढणं. तो आरशात बघेल कशाला? कुत्र्याला तर चेहऱ्यापेक्षा वास मोठा.

आणि गंगेतला डॉल्फिन? २००९ साली आपण ज्याला राष्ट्रीय जलचर प्राणी ठरवलं, तो सुसू. गढूळ पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून त्याच्या डोळ्यात भिंगच उरलेलं नाही. उजेड-अंधार जेमतेम कळतो. त्याच्यापुढे कितीही मोठा आरसा धरा, तो नापासच. त्याचं सगळं जग आवाजाचं आहे: टकटक करायची आणि येणाऱ्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखायचं.

बॉटलनोजला डोळे चांगले आहेत, पण ओळख पटवायला तो भरवसा ठेवतो तो कानावरच. प्रत्येक पिल्लू पहिल्या वर्षाच्या आसपास स्वतःची एक खास शीळ बसवतं. स्कॉटलंडच्या समुद्रात स्टेफनी किंग आणि व्हिन्सेंट जानिक यांनी रानटी डॉल्फिनना त्यांच्याच शिळेची नक्कल पाण्यात ऐकवली, तेव्हा ते उत्तरादाखल तीच शीळ परत घालायचे. ओळखीच्या किंवा परक्या डॉल्फिनची शीळ ऐकवली तर असं उत्तर देत नसत. आपल्याला पाठीमागून कुणी नावाने हाक मारली की ‘ओ’ जातो, अगदी तसंच. हा निकाल २०१३ सालचा. त्याच साली जेसन ब्रुक यांनी दाखवलं की वीस वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या सोबत्याची शीळ डॉल्फिन अजून ओळखतात. आरशाच्या बातम्या चालतात कारण आरसा आपल्या ओळखीचा आहे. डॉल्फिनने आपली परीक्षा घ्यायची ठरवली तर तो शीळच ऐकवेल, आणि आपल्यातले किती पास होतील कोण जाणे.

राइस यांनी आरसा सोडला नाही. रेचल मॉरिसन यांच्यासह त्यांनी बाल्टिमोरच्या नॅशनल अ‍ॅक्वेरियममध्ये दोन पिल्लांना तीन वर्षं पाहिलं, बेली ही मादी आणि फॉस्टर हा नर. एका बाजूने आरसा आणि दुसऱ्या बाजूने खिडकी अशी काच होती, मागे कॅमेरा. बेली सात महिन्यांची असतानाच काचेपुढे उलटी तरंगायची, गिरक्या घ्यायची, बुडबुडे सोडून ते बघायची, तोंड उघडून आत डोकवायची. माणसाच्या बाळात असं वागणं साधारण वर्षाच्या पुढे दिसतं. खुणेची परीक्षा मात्र ती दोन वर्षांची झाल्यावरच घेता आली, कारण त्याआधी ती खूण काढून घ्यायला स्थिर थांबेल तर ना. तीट लावताना पळणारं पोर ज्यांनी धरलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. हे सगळं २०१८ साली प्रसिद्ध झालं.

हे निकाल प्रयोगशाळेत राहिले नाहीत. हॅपी हत्तिणीला ‘व्यक्ती’ मानून सोडावं यासाठी न्यूयॉर्कमध्ये खटला चालला, त्यात तिची आरशाची परीक्षाही मांडली गेली; २०२२ साली तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी ती मागणी फेटाळली. आपल्याकडे मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढलं आणि डॉल्फिनेरियमना, म्हणजे डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या तलावांना, परवानगी देऊ नये असं राज्यांना कळवलं. डॉल्फिनना ‘मानवेतर व्यक्ती’ समजावं असं काही शास्त्रज्ञ म्हणतात, हा दाखला त्यात दिलेला आहे. त्यामुळे तारकर्लीला किंवा सिंकेरीला बोटीतून जाऊन जे डॉल्फिन आपण बघतो (ते बहुतेक हंपबॅक जातीचे) ते उघड्या समुद्रातलेच. बोटवाले त्यांच्या फार अंगावर जातात ती गोष्ट वेगळी.

न्यूयॉर्कच्या त्या निबंधावर दोन नावं होती. राइस यांनी जपानमधल्या डॉल्फिनच्या कत्तलीविरुद्ध जोरात आवाज उठवला, पण मत्स्यालयातला अभ्यास चालू ठेवला. बंदिवासातल्या डॉल्फिनमुळेच आपल्याला हे सगळं कळलं, अशी ती बाजू. मरिनो यांनी त्याच निकालावरून नेमका उलटा निष्कर्ष काढला. ज्याला स्वतःची ओळख आहे त्याला तलावात ठेवून आपण त्याचा अभ्यास कसा करू शकतो, म्हणत त्यांनी बंदिवासातल्या डॉल्फिनवरचं संशोधन थांबवलं. त्यांच्या ‘व्हेल सँक्चुअरी प्रोजेक्ट’ने कॅनडात नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यावर पोर्ट हिलफर्ड नावाची खाडी निवडली आहे. जाळ्या लावून ती अडवायची आणि खेळ करून थकलेल्या देवमाशांना तिथे आणून सोडायचं, असा बेत आहे.